सेन्सर मागवण्याआधी वायर तपासा

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी0325 दिसला, की बहुतेक ठिकाणी लगेच नवा नॉक सेन्सर मागवला जातो. मला ही घाई मान्य नाही. पहिल्या नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे, एवढंच हा कोड सांगतो. आणि सर्किट म्हटलं की कनेक्टर, शिल्डेड वायर, अर्थिंग, थेट इसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या संगणकापर्यंत, सगळं आलं. सेन्सर म्हणजे इंजिन ब्लॉकला आवळलेला पिझो स्फटिक. ब्लॉकच्या कंपनांतून तो क्षीण विद्युत सिग्नल तयार करतो, आणि त्यात झिजणारा, फिरणारा भाग नसतो. वायर मात्र इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तडकते, पिनांवर हिरवट गंज चढतो, पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर शिरून हार्नेस कुरतडतात. शिल्डची जाळी तुटली तरी इग्निशनचा व्यत्यय सिग्नलमध्ये मिसळतो. सिग्नलचा भरवसा उरला नाही की इंजिन वाचवायला इसीयू इग्निशनचं टायमिंग मागे घेतो. म्हणून पिकअप मंदावतो, अ‍ॅव्हरेज घसरतं.

‘सेन्सर बदलला आणि दिवा गेला, मग दोष त्याचाच ना?’ असं विचारलं जातं. पण त्या कामात कनेक्टर काढून पुन्हा बसवला जातो, पिना घासल्या जातात, बोल्ट नव्याने आवळला जातो, कोडही पुसला जातो. गुण नेमका कशाचा, हे दिव्यावरून ठरत नाही. तपासण्यापेक्षा पार्ट स्वस्त, हा आक्षेप जास्त वजनदार. सेन्सर हाताशी असेल तर तो पटण्यासारखाही आहे. पण टोयोटाच्या 1एमझेड-एफईसारख्या व्ही6 इंजिनात सेन्सर इनटेक मॅनिफोल्डखाली असतात; तिथे निदान चुकलं तर मजुरी दोनदा भरावी लागते.

म्हणून इग्निशन बंद करून दोन्ही टोकांचे कनेक्टर काढा. सिग्नल वायर सलग आहे का, शिल्डला किंवा बॉडीला टेकते का, हे मल्टिमीटरने पाहा. पाहताना वायर हलवत राहा, कारण आतून तुटलेली तार स्थिर असताना धड वाटते. सेन्सरचा रोध त्याच गाडीच्या मॅन्युअलशी ताडून पाहा. काही सेन्सरमध्ये आतच रोधक असतो, काहींत नसतो. मीटर एसी मिलिव्होल्टवर लावून सेन्सरशेजारी ब्लॉकवर हलकेच ठोकलं, की आकडा हलायला हवा. सेन्सरवर मात्र हातोडी मारू नका. नवा बसवायचाच झाला तर बैठक स्वच्छ करा, मध्ये वॉशर घालू नका, टॉर्क रेंच वापरा. मधोमध बोल्ट जाणाऱ्या सेन्सरला साधारण 20 न्यूटन-मीटर लागतात. अंदाजाने आवळला तर नवा सेन्सरही चुकीचा सिग्नल देतो. गाडी गॅरेजला देताना एवढं जरूर सांगा, की पार्ट मागवण्याआधी मला वायरचं रीडिंग दाखवा.