स्मार्ट मीटर बसला, आता रात्रीचं रीडिंग बघायला शिका



मागच्या व्हिडिओत आपण धंद्याच्या दरमहा खर्चाची यादी केली होती. भाडं, पगार, इंटरनेट सगळ्यांनी नीट लिहिलं. वीज आणि पाण्यापुढे मात्र बऱ्याच जणांनी "जे येईल ते" असं लिहिलं. आजचा धडा त्या "जे येईल ते" वरच आहे. वही-पेन घेऊन बसा, हिशोब करायचा आहे.

जुना मीटर महिन्याला एकच आकडा देतो. बिल वाढलं हे कळतं, पण का वाढलं ते कळत नाही. स्मार्ट मीटर साधारण १५ किंवा ३० मिनिटांच्या टप्प्याने वापर नोंदवतो आणि ती नोंद ॲपवर दिसते. मात्र मीटर भिंतीवर लागला म्हणून एक रुपयाही आपोआप वाचत नाही. ती नोंद बघून कोणीतरी बटण बंद केलं, तरच पैसे वाचतात. दुकानात तो "कोणीतरी" म्हणजे तुम्ही.

पहिला पाठ : शटर बंद असतानाची वीज

रात्री ९ ते सकाळी ९ दुकान बंद असतं. या १२ तासांत किती युनिट गेले ते बघा. समजा ३.६ युनिट गेले. म्हणजे बंद दुकानात सरासरी ३०० वॅट चालू आहेत. आता यादी करा. फ्रीज, कॅमेरे, राउटर यांना वीज लागणारच. त्यांचे १५० वॅट धरा. उरलेले १५० वॅट कुठे जातात? पाण्याचा कूलर, बाहेरचा बोर्ड, प्रिंटर, स्टँडबायवरचा एसी, उगाच चालू राहिलेला स्टॅबिलायझर.

हिशोब असा :
- १५० वॅट × १२ तास = १.८ युनिट रोज
- ३० दिवसांचे ५४ युनिट
- १२ रुपये युनिट धरला तर महिन्याला ६४८, वर्षाला ७,७७६ रुपये

आता मुख्य गोष्ट. तुमचा निव्वळ नफा १५ टक्के असेल, तर ७,७७६ रुपये कमवायला ५१,८४० रुपयांचा माल विकावा लागतो. तेवढी विक्री वाढवायला किती घाम गाळावा लागतो हे काउंटरवर बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको. इथे काम रात्री एक स्विच बंद करण्याचं आहे. तुमच्या बिलावरचा दर आणि तुमचा नफा टाकून हाच हिशोब पुन्हा करा.

दुसरा पाठ : कोणत्या वेळी वापरता?

केंद्र सरकारने १४ जून २०२३ रोजी वीज ग्राहक हक्क नियमांत बदल केला. त्यानुसार दिवसातल्या वेळेप्रमाणे वेगळा दर, म्हणजे 'टाइम ऑफ डे' पद्धत, लागू करायची आहे. १० किलोवॅटपेक्षा जास्त मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून, आणि शेती सोडून बाकी सर्वांसाठी १ एप्रिल २०२५ पासून. स्मार्ट मीटर बसला की ही पद्धत लागू होते. सूर्यप्रकाशाच्या ठरलेल्या ८ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि गर्दीच्या वेळी व्यापारी ग्राहकांना तो किमान १.२ पट असावा, असं नियम सांगतो. आपल्याकडचे नेमके तास आणि दर वीज नियामक आयोग ठरवतो, ते बिलावर आणि दरपत्रकात बघा.

यात आपल्यासारख्यांचा फायदा कुठे? पिठाची गिरणी, मसाला कांडप, लाँड्री, इस्त्री, इलेक्ट्रिक स्कूटरचं चार्जिंग, टाकीत पाणी चढवणारा पंप. यातली बरीच कामं संध्याकाळची दुपारी करता येतात. सलून किंवा वडापावच्या गाडीचं तसं नाही, गिऱ्हाईक संध्याकाळीच येतं. त्यांनी धंद्याची वेळ बदलू नये, फक्त पंप आणि चार्जिंगची वेळ बदलावी.

तिसरा पाठ : आपले हक्क माहीत हवेत

"नवा मीटर पळतो" ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. वाद घालण्याआधी हे वाचा.

- स्मार्ट मीटरवर मंजूर भारापेक्षा जास्त मागणी दिसली, तरी मीटर बसण्याआधीच्या काळासाठी दंड लावता येत नाही.
- आर्थिक वर्षात मंजूर भार किमान ३ वेळा ओलांडला गेला, तरच तो वाढवता येतो.
- रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली, तर वीज कंपनीने ५ दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर बसवायचा असतो आणि तो किमान ३ महिने ठेवायचा असतो. ही तरतूद २०२४ च्या सुधारणेत आली.

तक्रार लेखी करा, पोच घ्या. सोबत आपल्या वहीतली रोजची नोंद जोडा. नोंद असेल तर तुमच्या बोलण्याला वजन येतं.

चौथा पाठ : पाणी, आणि त्यातला धंदा

पाण्यालाही रात्रीचाच नियम लावा. रात्री २ ते ४ मध्ये पाण्याचा वापर जवळपास नसतो. तरीही मीटर ६० लिटर पुढे गेला, तर तासाला ३० लिटर, दिवसाला ७२० लिटर आणि महिन्याला २१,६०० लिटर पाणी गळतंय. म्हणजे १० हजार लिटरचे दोन टँकर आणि वर थोडं. तीन रात्री बघा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. मग फ्लशची टाकी, बॉल कॉक आणि ओव्हरफ्लोचा पाइप तपासा.

आता सोसायट्यांकडे वळू. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाणीपट्टी नळांची संख्या आणि आकार यावरून वाटली जाते. त्यामुळे दोघांचं घर आणि सहा जणांचं घर सारखेच पैसे भरतं. टँकरचा खर्च वाढला की यावरून सभेत भांडणं होतात. इथे मीटर बसवून रीडिंगचा अहवाल देण्याच्या सेवेला जागा आहे. पण कोटेशन देण्याआधी हे तपासा :

१. जुन्या इमारतीत किचन, बाथरूम, टॉयलेट यांच्या लाइन वेगळ्या खाली येतात. एका फ्लॅटला तीन-चार मीटर लागू शकतात. गच्चीवर जाऊन लाइन मोजल्याशिवाय भाव सांगू नका.
२. पाणी ठराविक वेळीच येत असेल, तर पाइपातल्या हवेनेही चक्रीचा मीटर फिरतो. म्हणून मीटर टाकीनंतरच्या, भरून वाहणाऱ्या लाइनवर घ्या आणि आधी गाळणी लावा.
३. डक्टमध्ये सिग्नल येतो का, बॅटरी किती वर्षं चालते आणि ती बदलायचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्या.
४. सर्वसाधारण सभेचा ठराव झाल्यावरच काम सुरू करा. आधी दोन महिने फक्त रीडिंग दाखवा, पैसे नंतर लावा. लोकांचा विश्वास बसतो.

एक इशारा. "३० टक्के बचतीची हमी" असं पत्रकावर छापू नका. गळती नसलेल्या इमारतीत तेवढी बचत आणणार कुठून? त्याऐवजी "पहिल्या महिन्यात गळती शोधून देतो" असं सांगा. हे काम तुमच्या हातात आहे आणि त्याचा पुरावा मीटरच देतो.

या आठवड्याचा गृहपाठ

सात दिवस, शटर पाडताना आणि उघडताना, वीज आणि पाणी दोन्हीचं रीडिंग वहीत लिहा. स्मार्ट मीटर नसला तरी चालेल, जुन्या मीटरचा आकडाही डोळ्यांनी वाचता येतो. नवीन गाळा भाड्याने घेणार असाल, तर करारावर सही करण्याआधी मागच्या १२ महिन्यांची बिलं मागा. मालक सब-मीटरवर पैसे घेणार असेल, तर युनिटचा दर करारात लिहून घ्या.

आठव्या दिवशी यादीतलं "जे येईल ते" खोडा आणि तिथे खरा आकडा लिहा. पुढच्या भागात याच आकड्यावरून मालाची किंमत कशी ठरवायची ते बघू.