आधी डोंगरावरच्या रात्री मोजा

किलिमांजारो आणि सेरेंगेटी एकाच दौऱ्यात करायचं ठरवणारी माणसं आता अमरावती-अकोल्यातही भेटतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं असतं, कुणी डॉक्टर, कुणाचं जिनिंग असतं. मी जाऊन आलो आहे हे कळलं की घरी येतात. पहिला प्रश्न खर्चाचा, दुसरा महिन्याचा, तिसरा जेवणाचा. डोंगरावर रात्री किती काढायच्या, हे सहसा कुणी विचारत नाही. मी प्रत्येकाला आधी तेच विचारतो, कारण त्या एका आकड्यापायी माझ्या साडूंचा जीव टांगणीला लागलेला मी पाहिला आहे.

साडू अकोल्याचे. पन्नाशी ओलांडलेली, पण अंग कसलेलं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीत घेऊन राजराजेश्वरापर्यंत अनवाणी येणाऱ्यांपैकी ते. चालण्यात त्यांनी मला कधी पुढे जाऊ दिलं नाही. आमच्यात कुणी शिखर गाठेल तर तेच, याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती.

अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरही उंच नाही. किलिमांजारोचं उहुरू शिखर ५८९५ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या जवळपास निम्मा, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्माच. शरीर हे भरून काढू शकतं: श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्तातला तोल बदलतात, पुढे तांबड्या पेशी वाढतात. पण या सगळ्याला दिवस लागतात, आणि ते दिवस दंडातल्या ताकदीने कमी होत नाहीत. उलट ज्याचे पाय मजबूत तो भराभर वर जातो, आणि शरीर मागे राहतं.

डॉक्टरांचा सर्वमान्य नियम साधा आहे. ३००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र काढावी. आता किलिमांजारोच्या मरांगू वाटेचा पाच दिवसांचा बेत या नियमाशेजारी ठेवून पाहा. पहिली रात्र मंदारा, २७२० मीटर. दुसरी होरोम्बो, ३७२०. तिसरी किबो, ४७२०. आणि तिसरीही पुरती झोपायची नाही, मध्यरात्रीच शिखराकडे निघायचं, आणखी जवळपास १२०० मीटर वर. रोज हजार मीटरची उडी, म्हणजे नियमाच्या दुप्पट. हा बेत स्वस्त पडतो, म्हणून तो विकला जातो.

ज्या कंपनीबरोबर आम्ही गेलो, तिच्या पत्रकात हाच पाच दिवसांचा बेत आणि त्याला लागून सफारी असा जोड दौरा होता. आमच्या दोघांच्या घरची मंडळी फक्त सफारीसाठी येणार होती. त्यांची तिकिटं निघालेली, किलिमांजारो विमानतळावर त्यांना घ्यायला जायची तारीख ठरलेली. आम्ही डोंगर उतरायचा दिवस आणि ती मंडळी विमानातून उतरायचा दिवस यांत एका रात्रीचंही अंतर नव्हतं. अशा बेतात काय होतं ते नीट समजून घ्या. डोकं दुखू लागलं तरी माणूस बोलत नाही. आपण थांबलो तर सगळ्यांची सफारी मोडेल, हा विचार आधी येतो.

साडूंचं डोकं होरोम्बोलाच ठणकत होतं, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी किबोला पोचल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं, मग उलटी केली. विचारलं तर म्हणाले, "मले काई नाई झालं भाऊ, डोकं जरासक जड वाटून रायलं." मग बुटाची नाडी बांधायला वाकले आणि ती गाठ काही त्यांना जमेना. आमचा वाटाड्या हे पाहत होता. त्याने जमिनीवर एक सरळ रेघ ओढली आणि तिच्यावरून टाचेला पंजा लावत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला साडूंचा तोल गेला.

मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण आहे. दारू प्यायल्यासारखी चाल, बोलण्यातला गोंधळ, साधं काम न जमणं. दुसरा तितकाच घातक प्रकार फुप्फुसांचा: बसल्या जागी धाप, छातीत घरघर, खोकल्यातून फेस. दोन्हींवर खरा उपाय एकच, तो म्हणजे खाली उतरणं, तेही लगेच. प्राणवायूची नळी आणि इंजेक्शनं ही खाली पोचेपर्यंतची सोय. साडू म्हणत होते, "सकाळलोक थांबू ना, थोडंसं पडतो, बरं वाटीन." वाटाड्याने ते मानलं नाही. याच झोपेतून काही माणसं उठत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. किबोला रुग्ण उतरवण्यासाठी एकचाकी लोखंडी पाळणा असतो. त्यात साडूंना बांधलं आणि अंधारात, बॅटरीच्या उजेडात, हमालांनी त्यांना होरोम्बोपर्यंत आणलं. मी बरोबर चालत होतो. हजार मीटर खाली आल्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि मला नावाने हाक मारली. ती हाक ऐकेपर्यंतच्या वाटेवर मी काय काय विचार केले, ते इथे लिहिणार नाही.

पुढचे दोन दिवस डोंगराच्या पायथ्याजवळच्या मोशी शहरातल्या हॉटेलात गेले आणि घरच्यांची सफारी कापून छोटी झाली. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

म्हणून सांगतो, पैसे आणि रजा मोजकी असेल तर सफारीचा दिवस कमी करा आणि तो डोंगराला द्या. मरांगूच करायचा असेल तर होरोम्बोला दोन रात्री काढणारा सहा दिवसांचा बेत ही अगदी किमान अट समजा. त्याहून बरी माचामे वाट, सात दिवसांची. सर्वांत बरी लेमोशो, आठ दिवसांची. या दोन्ही वाटांवर दिवसा लावा टॉवरपाशी ४६०० मीटरपर्यंत चढवतात आणि झोपायला चार हजारांच्या खाली, बारांकोला आणतात. दिवसा उंची चाखायची आणि रात्री खाली येऊन झोपायचं, हे शरीराला मानवतं. आणि डोंगर व सफारी यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस कोरा ठेवा. घरची माणसं येणार असतील तर त्यांचं विमान त्या कोऱ्या दिवसानंतरचं काढा.

जादा दिवसाचा खर्च का वाढतो, हेही माहीत असावं. उद्यानाचं शुल्क परदेशी माणसाला दररोज पडतं, मुक्कामाचं वेगळं. शुल्कात काटछाट करता येत नाही, म्हणून स्वस्त बेत दोनच ठिकाणी हात मारतो: डोंगरावरच्या दिवसांत आणि हमालांच्या पोटात. तिथे हमालाच्या ओझ्याला २० किलोंची मर्यादा आहे. ती पाळतात का, मजुरी किती देतात, हमालांना तीन वेळचं जेवण असतं का, हे नोंदणीआधी विचारा. गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरी कंपनी शोधा. साडूंना खाली आणणारे हात त्यांचेच होते.

तयारीबद्दल. चिखलदऱ्याचा घाट, गाविलगड, शहानूरहून नरनाळ्याची चढण, हे सगळं गुडघ्यांसाठी आणि दमासाठी उत्तम. पाठीवर पाच-सहा किलो घेऊन दर रविवारी करा, आणि उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करा. पण चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आहे, अख्ख्या सातपुड्यातलं सर्वांत उंच धूपगड १३५० मीटर, महाराष्ट्राचं कळसूबाई १६४६. उंची तुमच्या शरीराला मानवते की नाही, हे इथे कधीच कळणार नाही. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांची मुलं एव्हरेस्टवर पोचली. रानात वाढलेली, काटक मुलं ती. तरी त्यांना आधी दार्जिलिंगला आणि लडाखला नेऊन तयार केलं होतं. आपण चाळिशी-पन्नाशीतली माणसं, आपण तर आधी हिमालयात एकदा जायलाच हवं. संदकफू ३६३६ मीटर आहे. तिथल्या मुक्कामात झोप लागते का, भूक टिकते का, डोकं किती दुखतं, ते पाहा आणि लिहून ठेवा. आफ्रिकेच्या निम्म्याहून कमी खर्चात हे कळतं.

ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या बरेच जण घेतात. त्यांनी शरीर लवकर रुळतं, पण भराभर चढायची मुभा मिळत नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचं काही असेल तर तपासण्या दोन-तीन महिने आधीच करा. विम्याचे कागद ओळ न ओळ वाचा. साध्या प्रवास विम्यात ठरावीक उंचीच्या वरचं गिर्यारोहण धरत नाहीत. ६००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने सुटका, हे दोन्ही स्पष्ट लिहिलेलं हवं.

महिन्याचा घोळ आपल्या वऱ्हाडात विशेष होतो. शाळा-कॉलेजातल्या मंडळींना सुट्टी एप्रिल-मेमध्ये, आणि नेमका मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस. दिवाळीची सुट्टी बरेचदा नोव्हेंबरच्या लहान पावसात सापडते. जुलै ते ऑक्टोबर डोंगर कोरडा असतो, विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात, पण आपल्याकडे तेव्हा शेतात निंदण-फवारणी चालू. शेतीवाल्यांना फेब्रुवारी सोयीचा. कापूस-तुरीचा मोठा भाग घरात आलेला असतो, डोंगर बहुधा कोरडा मिळतो, आणि सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतूच्या गवताळ मैदानात विल्डबीस्टच्या माद्या व्यायलेल्या असतात. दिवसात हजारो वासरं जन्मतात आणि थोड्याच मिनिटांत उभी राहून धावू लागतात. त्यांच्यामागे चित्ते आणि तरस असतात. सेमाडोह-कोलकासला उभा दिवस फिरून वाघाचा फक्त पगमार्क पाहिलेल्या माणसाला हे सगळं उघड्यावर, नजरेच्या टप्प्यात दिसतं तेव्हा बोलायला सुचत नाही. मेळघाटाची सवय तिथे कामाला येते. सांबराच्या ओरडण्याकडे कान ठेवणारा माणूस झेब्र्यांच्या एकदम थबकण्याकडेही लक्ष देतो. तारांगिरेत हत्तींच्या कळपांमागे गोरखचिंचेची झाडं दिसली की क्षणभर ओळखीचं वाटतं. पायांत गोळे आलेले असताना दिवसभर उघड्या टपाच्या गाडीत धक्के खायचे असतात, म्हणून सफारीसाठी अरुशा शहराहून निघण्याआधी विसावा घ्याच. काळे आणि गडद निळे कपडे घरी ठेवा, त्सेत्से माशी त्यांवर धावते. आणि चिवडा-लाडू कापडी पिशव्यांत भरा. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगना बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात.

डोंगर आधी की सफारी? डोंगर आधी. नंतर केला तर सफारीतली धूळ, प्रवास आणि बिघडलेलं पोट घेऊन चढावं लागतं. अपवाद एकच, न्गोरोंगोरोच्या काठावर २२०० मीटरच्या वर रात्री काढून मग डोंगराकडे येणाऱ्यांना थोडा फायदा मिळतो. पण तेवढ्यावर विसंबू नये.

पीतज्वराच्या लसीचं आधी पाहा. मुंबईहून जाताना विमान बहुधा अदिस अबाबा किंवा नैरोबीला बदलतं, आणि इथिओपिया व केनिया ही पीतज्वराची क्षेत्रं. परतताना प्रमाणपत्र नसेल तर आपल्याकडे सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, नेहमीच्या दवाखान्यात नाही, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

हिवतापाच्या गोळ्यांचं वेळापत्रक डोंगराशी जुळवून घ्यावं लागतं. उंचावर डास नाहीत, पण मोशीत आहेत आणि सफारीत तर आहेतच. कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. उंचीच्या गोळ्याही चालू असणार हे त्यांना सांगा. काही गोळ्या परतल्यावर आठवडाभर, तर काही चार आठवडे घ्याव्या लागतात, आणि घरी आलं की माणूस त्या विसरतो. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर दवाखान्यात शिरताच आफ्रिकेतून आल्याचं सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासायला लावा. नाहीतर साधा ताप समजून दोन दिवस जातात, आणि तिकडचा हिवताप तेवढ्यात मेंदूपर्यंत पोचू शकतो. हे घरातल्या माणसांनाही सांगून ठेवा. अंगात ताप चढला की आजाऱ्याला स्वतःला सुचत नाही.