ऑफिसचं वायफाय आणि एक जुना स्कॅनर

पेण-रोह्याकडे ऑफिसांची इंटरनेटची कामं करताना वायफायबद्दल मला एकच तक्रार ऐकू येते: स्पीड मिळत नाही. सुरक्षेचं कुणी विचारत नाही. काही वर्षांपूर्वी धाटाव एमआयडीसीत माल पुरवणाऱ्या रोह्याच्या एका व्यापाऱ्याचीही हीच रड होती. लाइन चांगली, राउटरही फार जुना नाही, तरी बिलं चढवताना सगळे ताटकळत.

दोष निघाला गोदामातल्या बारकोड स्कॅनरचा. त्या म्हाताऱ्या यंत्राला वेप सोडून दुसरं एन्क्रिप्शन समजतच नव्हतं. ते चालावं म्हणून आधीच्या कुणीतरी अख्ख्या ऑफिसचं वायफाय वेपवर आणून ठेवलेलं. वेप निवडलं की राउटर ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही, म्हणून स्पीड गेला. पण मला घोर लागला तो वेगळाच. वेप १९९७ सालचं. ते फोडायची रीत २००१ मध्येच जाहीर झाली आणि २००७ पर्यंत साध्या लॅपटॉपवर मिनिटांत किल्ली निघू लागली. बाहेर टेम्पोत बसलेल्या माणसालाही आत शिरता आलं असतं, आणि आत टॅलीचा फोल्डर सगळ्यांना उघडा होता.

"आपल्याकडे कोण येतंय चोरायला?" शेठ म्हणाले.

चोरायलाच यावं लागतं असं नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या उघड्या वायफायपर्यंत पोहोचला. राहणाऱ्या अमेरिकन माणसाचा मेलशी संबंध नव्हता, तरी चौकशीचा ससेमिरा त्याच्याच मागे लागला. सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा मेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून गेला. पोलीस आधी दार ठोठावतात ते कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याचं. हे ऐकल्यावर शेठ गप्प झाले. स्कॅनर बदलला.

तेव्हा राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा. वेप असेल तर आजच काढा. 'डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिक्स्ड' आणि 'टीकेआयपी' हे पर्याय समजूतदार वाटतात, पण जुन्या यंत्रांचे लाड पुरवण्यापुरतेच ते उरलेत. किमान 'डब्ल्यूपीए२' आणि 'एईएस' हवंच. राउटर आणि सगळी यंत्रं साथ देत असतील तर डब्ल्यूपीए३ ठेवा. ते २०१८ मध्ये आलं. फरक पासवर्डपाशी पडतो. डब्ल्यूपीए२ मध्ये फोन नेटवर्कला जोडताना होणारी देवाणघेवाण कुणी टिपून घेतली, तर घरी बसून तो लाखो पासवर्ड लावून बघू शकतो. डब्ल्यूपीए३ मध्ये प्रत्येक अंदाजासाठी तुमच्या राउटरशीच बोलावं लागतं. म्हणून डब्ल्यूपीए२ असेल तर दुकानाच्या पाटीवरचा मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवू नका. आमच्याकडे निम्म्या ठिकाणी तोच सापडतो! अक्षरं ६३ पर्यंत चालतात, चार-पाच असंबद्ध शब्द जोडले तरी पुरे.

डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय, बंद करा. पिन आठ आकड्यांचा असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा हिशेबातूनच निघतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत काम होतं. राउटरचं सॉफ्टवेअरही अद्ययावत करत जा. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मध्येच क्रॅक नावाची त्रुटी सापडली होती.

आता पेणचं. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत हंगामाला बाहेरून कारागीर येतात आणि वायफायचा पासवर्ड पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या फोनमध्ये जातो. एकच पासवर्ड असला की एकट्याकडून तो काढून घेता येत नाही. वीस-तीस माणसांच्या ऑफिसाने प्रत्येकाला वेगळं नाव-पासवर्ड देणारी 'एंटरप्राइझ' पद्धत घ्यावी. त्याला वेगळा सर्व्हर लागतो, पण गेलेल्या माणसाचं खातं तेवढं बंद करता येतं. कारखान्याला एवढा खटाटोप परवडणार नाही. तिथे कारागिरांना आणि गिऱ्हाइकांना गेस्ट नेटवर्क द्या, हिशेबाचा कॉम्प्युटर दुसऱ्यावर ठेवा, आणि मूर्ती रवाना होऊन माणसं गावी गेली की दोन्ही पासवर्ड बदला.