शेवटचा नंबर कोणाचा? भारताची फुटबॉल लीग आणि आपला गणिताचा तास



आपल्या वर्गातल्या मुलांना मेस्सी-रोनाल्डो तोंडपाठ असतात. पाण्याच्या बाटलीवर, दप्तरावर युरोपातल्या क्लबची चित्रं असतात. पण "भारताची स्वतःची राष्ट्रीय फुटबॉल लीग कोणती?" असं विचारून बघा. मुलं गप्प होतात, आणि खरं सांगायचं तर आपणही जरा विचारात पडतो. गंमत म्हणजे ही लीग आपल्या अगदी दारात होती. मुळा नदी ओलांडली की बालेवाडी. तिथल्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत २००९ ते २०१९ अशी दहा वर्षं राष्ट्रीय पातळीवरचे संघ खेळत होते. एक नाही, चार संघ. आज त्यातला एकही नाही.

असं का झालं हे समजून घ्यायचं तर आधी लीगची रचना समजली पाहिजे. आणि ती समजावताना गणिताचे दोन-तीन तास छान जातात. म्हणून आजचा लेख.

१) बाद पद्धत आणि साखळी पद्धत

आपल्या शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. हरलात की घरी. ८ संघ असतील तर ७ सामन्यांत निकाल लागतो, कारण प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर जातो आणि शेवटी एकच उरतो. सोपं, स्वस्त, झटपट. पण निम्म्या मुलांना फक्त एक सामना मिळतो.

साखळी पद्धतीत, म्हणजे लीगमध्ये, प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. राष्ट्रीय लीगमध्ये तर दोनदा खेळतो: एकदा घरच्या मैदानावर, एकदा समोरच्याच्या मैदानावर. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरलं तर ०. शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता. एका दिवसाच्या नशिबावर काही ठरत नाही, वर्षभराच्या कामावर ठरतं. आपल्या भाषेत सांगायचं तर बाद पद्धत म्हणजे वार्षिक परीक्षेचा एकच पेपर आणि लीग म्हणजे सातत्यपूर्ण मूल्यमापन.

२) फळ्यावरची छोटी लीग

चार काल्पनिक संघ घ्या: भोसरी, मोशी, चाकण, आळंदी. एकेरी साखळी, म्हणजे सामने ४ × ३ ÷ २ = ६. निकाल फळ्यावर लिहा:

भोसरी २ – १ मोशी
चाकण ० – ० आळंदी
भोसरी १ – १ चाकण
मोशी ३ – ० आळंदी
आळंदी १ – ० भोसरी
मोशी २ – २ चाकण

आता मुलांना गुणतक्ता करायला सांगा. उत्तर असं येईल: भोसरी ४, मोशी ४, आळंदी ४, चाकण ३. इथे वर्गात हमखास गोंधळ सुरू होतो, आणि तो होऊ द्यावा. कारण चाकण एकही सामना हरलेला नाही तरी शेवटचा आहे! तीन बरोबऱ्यांचे तीनच गुण झाले. पूर्वी फुटबॉलमध्ये विजयाला २ गुण असायचे. त्या हिशोबाने गुण मोजायला सांगा. चौघांचेही ३-३ येतात. नियम बदलला की तोच खेळ, तेच गोल, पण क्रम वेगळा.

मग पुढचा प्रश्न: पहिल्या तिघांत वर कोण? परस्पर सामने बघावेत तर भोसरीने मोशीला हरवलं, मोशीने आळंदीला, आळंदीने भोसरीला. गोल फिरून पुन्हा तिथेच. म्हणून गोलफरक काढायचा, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल. मोशी +२, भोसरी ०, आळंदी –२. चाकणचा ०. चौघांची बेरीज शून्य आली पाहिजे. नाही आली तर कुठेतरी चुकलंय. ऋण संख्या शिकवायला यापेक्षा जिवंत उदाहरण कुठलं?

३) भारतात लीग कधी आली?

ड्युरँड कप १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा. म्हणजे स्पर्धा आपल्याकडे फार जुन्या. पण या बहुतेक बाद पद्धतीच्या किंवा काही आठवड्यांच्या. कोलकात्यासारख्या शहरांच्या लीग होत्या. सगळ्या देशाची लीग मात्र थेट १९९६ मध्ये सुरू झाली: नॅशनल फुटबॉल लीग. पहिला विजेता संघ पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटी मिल्सचा. नावातच मिल आहे बघा.

हे आपल्या भागातल्या पालकांना लगेच कळेल. कंपनीची टीम, खेळाडूला कंपनीत नोकरी, दुपारनंतर सराव. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी अशा टीम कबड्डीत, क्रिकेटमध्ये पाहिल्यात. फुटबॉलमध्ये महाराष्ट्राला राष्ट्रीय लीगचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं तेही कंपनीच्याच टीमने, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने, २००५-०६ च्या हंगामात. चाकणला ज्यांचा वाहनांचा कारखाना आहे तीच ही महिंद्रा. पण कंपनीच्या टीमचं आयुष्य कंपनीच्या निर्णयावर अवलंबून असतं. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाली, जेसीटी २०११ मध्ये.

दरम्यान २००७ मध्ये लीगचं नाव आणि रूप बदललं: आय-लीग. पहिल्या हंगामात १० संघ, दुहेरी साखळी, म्हणजे १० × ९ = ९० सामने. वरच्या आणि खालच्या विभागात चढ-उतार होती. खालच्या विभागात जिंकलात तर वर, वरच्या विभागात तळाला राहिलात तर खाली.

४) बालेवाडीचे चार संघ

पहिला पुणे एफसी. २००७ मध्ये स्थापना, दुसऱ्या विभागातून खेळून वर आला आणि २००९-१० मध्ये पहिल्याच वर्षी आय-लीगमध्ये तिसरा. २०१२-१३ मध्ये दुसरा, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल. शिडीची एकेक पायरी चढून आलेला संघ म्हणजे हा.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, सुरू झाली. सुरुवातीला ८ संघ आणि जेमतेम अडीच महिन्यांची स्पर्धा. त्यात आपला संघ एफसी पुणे सिटी. १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रान्स संघातला डेव्हिड ट्रेझेगे त्या वर्षी बालेवाडीत खेळला! त्याच मोसमात आय-लीगमध्ये भारत एफसी हा तिसरा संघ पुण्यातून उतरला. आणि २०१५-१६ पासून चौथा, डीएसके शिवाजीयन्स.

भारत एफसी आणि शिवाजीयन्स यांना कंपनीच्या बोलीवर थेट वरच्या लीगमध्ये जागा मिळाली होती. सोबत एक सवलतही: सुरुवातीला तळाला राहिले तरी खाली उतरवायचं नाही. २०१४-१५ मध्ये भारत एफसी शेवटचा आला. खाली गेला मात्र त्याच्या वरचा डेम्पो, पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला गोव्याचा संघ. पुढच्या वर्षी ९ संघांत शिवाजीयन्स नववा आला आणि खाली गेला आठवा, मिझोरामचा आयझॉल एफसी.

पुढची गोष्ट मुलांना जरूर सांगा. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले, जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत घेतलं. त्याच आयझॉलने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली! आयझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. प्रशिक्षक होते खालिद जमील, ज्यांनी त्याआधी अनेक वर्षं मुंबई एफसी सांभाळली होती आणि २०२५ मध्ये जे भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. आठव्या नंबरचं पोर पुढच्या वर्षी पहिलं आलं, असं समजा.

आणि आपले चार संघ? भारत एफसी एका हंगामात संपला. पुणे एफसीही २०१५ नंतर लीगमध्ये दिसला नाही. शिवाजीयन्स दोन हंगाम खेळून बाहेर पडला. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, पण आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये बंद झाला. त्याची आयएसएलमधली जागा हैदराबादला गेली, आणि हैदराबाद एफसीने २०२१-२२ मध्ये विजेतेपद मिळवलं.

नीट पाहिलं तर लक्षात येतं, यातला एकही संघ गुणतक्त्यामुळे संपला नाही. मैदानावर कोणी त्यांना बाहेर काढलं नाही. पैसा थांबला आणि संघ थांबला. सवलत मिळालेले संघही टिकले नाहीत.

५) आजची रचना

२०१४ ते २०१९ देशात दोन लीग शेजारी-शेजारी चालल्या. २०१९-२० पासून आयएसएल ही देशाची पहिल्या क्रमांकाची लीग ठरली आणि आय-लीग तिच्या खाली आली. २०२४-२५ मध्ये आयएसएलचे १३ संघ होते. प्रत्येकाचे २४ सामने, एकूण १३ × १२ = १५६. साखळीत पहिला येणाऱ्याला शील्ड. मग पहिले सहा संघ बाद फेरीत: पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी. उपांत्य सामने दोन-दोन, अंतिम एक. म्हणजे आणखी २ + ४ + १ = ७. एकूण १६३.

शील्ड आणि कप यातला फरक २०२४ मध्ये मस्त दिसला. १५ एप्रिलला साखळीच्या शेवटच्या सामन्यात मोहन बागानने कोलकात्यात मुंबई सिटीला २–१ हरवून शील्ड घेतली: ४८ गुण विरुद्ध ४७. आणि ४ मे रोजी त्याच मैदानावर मुंबईने अंतिम सामना ३–१ जिंकून कप नेला. खरा विजेता कोण? वर्गात दोन गट करून वाद घाला. दोन्ही बाजूंना मुद्दे सापडतात.

चढण्याचा रस्ता आता थोडा उघडलाय. आय-लीग जिंकून पंजाबचा संघ २०२३ मध्ये आणि कोलकात्याचा मोहम्मेडन २०२४ मध्ये आयएसएलमध्ये आला. पण २०२४-२५ पर्यंत आयएसएलमधून खाली कोणीच गेलं नव्हतं. त्यात लीगचा सगळा डोलारा २०१० मध्ये झालेल्या १५ वर्षांच्या व्यावसायिक करारावर उभा होता. त्याची मुदत संपत आली, पुढचं ठरेना, आणि २०२५-२६ चा हंगाम नेहमीच्या वेळी सुरूच झाला नाही. बालेवाडीत जे एका क्लबचं झालं, तेच देशाच्या लीगवर येता येता दिसलं.

६) वर्गात काय घेता येईल?

• तिसरी-चौथी: वरचा गुणतक्ता भरणे. बेरीज, वजाबाकी, क्रम लावणे.
• पाचवी-सहावी: संघ ५, ६, ८, १० असतील तर सामने किती? मुलांना सूत्र आधी देऊ नका. हस्तांदोलन करून मोजू द्या. "संघ × एक कमी संघ ÷ २" ती स्वतःच शोधतात.
• सातवी: ६ संघांचं वेळापत्रक. सहा मुलं समोरासमोर बसवा, एकाला जागेवर ठेवा आणि बाकीच्यांना दर फेरीला एक जागा पुढे सरकवा. पाच फेऱ्यांत सगळे सगळ्यांशी खेळतात.
• परिसर अभ्यास: फगवाडा, आयझॉल, मडगाव, कोलकाता, बालेवाडी नकाशावर दाखवा.
• चर्चा: "शेवटचा आला तरी खाली जाणार नाही" हा नियम योग्य आहे का? नव्या संघाला स्थिरावायला वेळ हवा, हेही खरं. आठव्याने नवव्याची शिक्षा का भोगावी, हेही खरं.

आणि एक विनंती. शाळेच्या मैदानावर स्पर्धा घेताना जमेल तिथे बाद पद्धत टाळा. चार वर्गांची लीग घ्या, सहा सामने, मधल्या सुट्टीत दहा-दहा मिनिटांचे. प्रत्येक मुलाला तीन सामने मिळतील. पहिला सामना हरलेल्या मुलाला "परवा पुन्हा आहे" असं सांगता आलं पाहिजे.

पालकहो, मुलाला फुटबॉलच्या क्लासला घालताना बूट आणि फीबरोबर एवढंही विचारा: इथून पुढची पायरी कोणती? जिल्ह्याच्या लीगमध्ये संघ खेळतो का? वर्षाला किती सामने मिळतात? सराव रोज आणि सामने वर्षाला चार, असं असेल तर ती शिडी नाही, नुसती पायरी आहे.

तुमच्या वर्गात गुणतक्ता केलात तर चाकणवाल्यांची प्रतिक्रिया नक्की कळवा.