सुईचं वजन

बाबांच्या एलपींच्या कव्हरवर, मागच्या बाजूला कोपऱ्यात, निळ्या बॉलपेनने तारीख लिहिलेली असते. ‘दसरा १९७८’. ‘बोनस, १९८१’. अशा एकशे चाळीस एलपी घरात आहेत. त्या सांभाळायची त्यांची पद्धत ठरलेली होती. नवी एलपी आणली की ती एकदाच लावायची, त्याच वेळी कॅसेटवर उतरवून घ्यायची आणि पुढे कॅसेट ऐकायची. एलपी परत कपाटात, उभी. म्हणून चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही त्यातल्या बऱ्याच जवळपास कोऱ्या होत्या.

त्यातली भीमसेनजींची एक आणि कुमारजींची ‘मला उमजलेले बालगंधर्व’ माझ्या हातून तीन महिन्यांत खराब झाल्या. ते कसं झालं हे सविस्तर सांगतो, कारण आता अनेक घरांत वडिलांच्या, काकांच्या एलपी माळ्यावरून खाली येताहेत आणि प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो ‘स्वस्तातला चांगला टर्नटेबल कोणता?’ हाच. मीही तोच विचारला होता.

मी घेतला तो सूटकेससारखा दिसणारा प्लेअर. साडेसहा हजार रुपये. ब्लूटूथ होतं, यूएसबी होतं, स्पीकर आतच होते आणि मागून वायर काढून घरच्या अँप्लिफायरलाही जोडता येत होता. नाव-मॉडेल सांगण्यात अर्थ नाही. या धर्तीच्या अनेक प्लेअरांच्या आत साधारण सारखाच आर्म आणि सुई बसवलेलं सारखंच सिरॅमिक कार्ट्रिज असतं. पहिल्या संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. दोन बाजू ऐकल्या. मग रोज एक-दोन एलपी होऊ लागल्या, आणि आवडत्या त्या पुन्हा पुन्हा.

तिसऱ्या महिन्यात एकदा बाबा म्हणाले, “अरे, ही तान अशी फाटत नव्हती.” मला वाटलं, वयानुसार कान. पण मी कान देऊन ऐकलं तेव्हा ते खरं होतं. बाजू सुरू होताना सगळं ठीक होतं. शेवटच्या चार मिनिटांत आवाजाला कड आली होती, ‘स’ आणि ‘श’ थुंकी उडाल्यासारखे येत होते आणि द्रुतातली तान वर चढली की चरचरत होती. सुई साफ केली, एलपी पुसली, तरी फरक नाही. मग एका ओळखीच्या माणसाकडे नीट लावलेल्या टर्नटेबलवर तीच एलपी लावून पाहिली. चरचर तिथेही तशीच होती. म्हणजे ती आता प्लेअरमध्ये नव्हती, एलपीमध्ये गेली होती.

नेमकी द्रुतातच का, हे समजून घेण्यासारखं आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुई बाहेर असो की आत. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे तेवढंच गाणं आत निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरलेलं असतं. वळणं बारीक होतात आणि जाड, जड सुई ती वळणं घेऊ शकत नाही, खाचेच्या भिंती घासत पुढे जाते. आता आपल्या ख्यालाची मांडणी आठवा. विलंबित बाहेर, द्रुत आत. ज्या तानांसाठी आपण ती बाजू लावतो त्याच सगळ्यात नाजूक जागी असतात.

मी सुईचं वजन मोजायचा छोटा डिजिटल काटा मागवला. सराफाच्या काट्याचं धाकटं भावंड म्हणावं असा, सातशे रुपयांचा. टेकवलेली सुई साडेपाच ग्रॅम दाखवत होती. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला दीड ते अडीच ग्रॅम पुरतात. त्या प्लेअरच्या आर्मला मागे वजन नव्हतंच, त्यामुळे कमी करायची सोय नव्हती. हा काटा मी प्लेअरच्या आधी घ्यायला हवा होता. आता कोणी मला विचारलं की पहिली खरेदी ही सांगतो, आणि जुना टर्नटेबल बघायला जाताना तो खिशात ठेवायला सांगतो.

दुसरी गोष्ट वेगाची. मी थोडीफार पेटी वाजवतो. एलपीतल्या तानपुऱ्याबरोबर सूर धरायला गेलो तर षड्ज काळी एकच्या वर आणि पांढरी दोनच्या खाली, अगदी मधोमध लटकलेला. तानपुरा जुळवताना थोडं इकडे-तिकडे होऊ शकतं, म्हणून एवढ्यावरून प्लेअरला दोष देता येत नाही. पण खात्री करणं फार सोपं आहे. लेबलवर कागदाचा चिटोरा चिकटवा, घड्याळ लावा आणि एलपी वाजत असताना फेरे मोजा. तीन मिनिटांत बरोबर शंभर भरले पाहिजेत. माझे एकशे तीन भरले. तीन टक्के म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी. बाबा चाळीस वर्षं कॅसेटवर ऐकलेलं गाणं आता चढ्या सुरात आणि घाईत ऐकत होते, आणि त्यांना काहीतरी खटकत होतं ते हेच. दुकानात ही परीक्षा करायला लाजू नका, तीन मिनिटांचं काम आहे.

मग घ्यायचा कोणता? माझं सरळ मत सांगतो. पैसे आर्म, कार्ट्रिज आणि सुई यांत जाऊ देत. ब्लूटूथ, यूएसबी आणि चकचकीत लाकडी खोकं यांत नको. कार्ट्रिज चुंबकीय हवं, आर्मच्या मागे फिरवता येणारं वजन हवं आणि त्याची सुई सुटी, सहज मिळणारी हवी. ज्याची सुई मिळत नाही तो टर्नटेबल फुकट मिळाला तरी घेऊ नये. हात थरथरत असतील किंवा बजेट अगदी आटोपशीर असेल तर ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०एक्ससारखा पूर्ण ऑटोमॅटिक चालेल. त्यात वजन बदलता येत नाही, पण कार्ट्रिज चुंबकीय आहे आणि बटण दाबलं की आर्म आपणहून जाऊन बसतो, आपणहून परत येतो. मी शेवटी मागे वजन असलेला वापरलेला डेक घेतला आणि त्यावर व्हीएम९५ई हे नवं कार्ट्रिज बसवलं. सुई दोन ग्रॅमवर लावली. फेरे शंभर.

जोडणी करताना एक ठेच ठरलेली असते. एलपी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे स्वर मुद्दाम जास्त कोरलेले असतात, नाहीतर खर्जाच्या रुंद खाचांनी एका बाजूवर दहा मिनिटंही मावली नसती. वाजवताना हे उलटं करून घ्यावं लागतं. शिवाय चुंबकीय कार्ट्रिजमधून निघतात ते काही मिलिव्होल्ट. ही दोन्ही कामं फोनो प्रीअँप करतो. जुन्या अँप्लिफायरवर ‘फोनो’ लिहिलेली जागा असेल तर तो आतच आहे. नसेल तर टर्नटेबलमध्ये हवा, नाहीतर वेगळा घ्यावा लागतो. थेट ‘ऑक्स’ला लावलं तर आवाज पातळ, चिरका आणि अगदी हळू येतो, आणि लोक बिचाऱ्या सुईला दोष देतात. दोन्हीकडे प्रीअँप चालू राहिला तर आवाज फाटतो. टर्नटेबलच्या मागचा फोनो-लाइन खटका आधी बघा. बारीक अर्थिंगची तार असेल तर तीही जोडा, घुंऽऽ थांबतं.

चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जपानी डेक दिसतात, काही फार सुंदर असतात. मागची पट्टी वाचल्याशिवाय पैसे काढू नका. १०० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला की मोटर जळते, ट्रान्सफॉर्मर लागतोच. आणि विजेच्या वारंवारितेवर वेग ठरणारी मोटर ६० हर्ट्झसाठी असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ती ३३ ऐवजी जेमतेम २८ फेरे घेते. त्याला ट्रान्सफॉर्मर काही करू शकत नाही.

आजोबांच्या लाखेच्या ७८च्या तबकड्या असतील तर त्या एलपीच्या सुईवर लावू नका. त्यांची खाच कितीतरी रुंद असते, त्यांना वेगळी जाड सुई लागते. त्या स्पिरिटने पुसायच्या नाहीत, लाख विरघळते.

आणि जागा. स्पीकर त्याच टेबलावर ठेवायचे नाहीत. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, माडीवरच्या लाकडी तक्तपोशीवर, चांगला टर्नटेबल कुणी चाललं की उडी मारतो हे मी पाहिलंय. तिथे भिंतीत ठोकलेली फळी हाच उपाय ठरला.

खराब झालेल्या दोन एलपींपैकी कुमारजींची दुसरी प्रत मला जुन्या बाजारात मिळाली. भीमसेनजींची अजून मिळालेली नाही. बाबा तीच लावायला सांगतात आणि विलंबित संपत आलं की स्वतः उठून आर्म उचलतात.

नव्या सुईला कंपनीने तीनशे तास दिलेत. टर्नटेबलशेजारी एक शंभर पानी वही ठेवली आहे, बाजू संपली की मिनिटं लिहायची. सुरुवातीला मी लिहायचो, आता बाबाच लिहितात, निळ्या बॉलपेनने, तारखेसह. काल रात्रीपर्यंतची बेरीज एकशे बारा तास वीस मिनिटं.