स्मोकरचा आकडा चुकतो तेव्हा

स्मोकरच्या कंट्रोलरला एकच गोष्ट कळते: प्रोबच्या टोकाशी किती तापमान आहे. त्या एका आकड्यावरून तो कोळशाच्या स्मोकरचा पंखा कमी-जास्त करतो, किंवा पेलेट ग्रिलमध्ये लाकडाच्या गोळ्या भट्टीत ढकलणारा स्क्रू फिरवतो. आकडा चुकला की पुढचे सगळेच चुकते. प्रोब कमी दाखवू लागला तर कंट्रोलर आग वाढवतो आणि मांस बाहेरून करपते. तो जास्त दाखवू लागला तर आग मंदावते आणि मांस तासन्‌तास कोमट राहते. यातला दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण ४ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि पडद्यावर मात्र सारे ठीक दिसत असते. म्हणून अमेरिकेत नव्याने आलेल्या कुटुंबाने स्मोकर घेतला की पाककृती शोधण्याआधी त्याचा प्रोब तपासावा, असे तिथे स्थिरावलेली मराठी कुटुंबे आवर्जून सांगतात.

भारतातून आलेल्यांची पहिली गफलत होते ती एककाची. अमेरिकी पाककृतीत नुसते २२५ लिहिलेले असते ते फॅरनहाइटमध्ये. सेल्सिअसमध्ये ते १०७ होते. कंट्रोलर सेल्सिअसवर लावलेला असेल तर १०७ पाहून स्मोकर तापतच नाही असे वाटते. उलट २२५ सेल्सिअस लावले तर ते ४३७ फॅरनहाइट होते, आणि मंद धुरावर शिजायचा फरा तंदुरासारखा भाजून निघतो. कंट्रोलर, हातातला थर्मामीटर आणि पाककृती या तिन्हींचे एकक एकच ठेवावे. शेजारीपाजारी आणि खाटीक फॅरनहाइटमध्येच बोलतात, त्यामुळे तिकडे वळणे अंती सोयीचे पडते.

एकक बरोबर असूनही आकडे जुळत नाहीत तेव्हा आधी प्रोबची जागा पाहावी. ‘चुकीच्या’ आकड्यांच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. झाकणावरचा गोल काट्याचा थर्मामीटर जाळीपासून बराच वर असतो आणि गरम हवा वर चढते. त्याच्यात आणि जाळीलगतच्या प्रोबमध्ये पंधरा-वीस अंश सेल्सिअसचा फरक पडला तर दोन्ही उपकरणे निर्दोष असू शकतात. एका बाजूला भट्टी असलेल्या आडव्या स्मोकरमध्ये भट्टीकडची जाळी पलीकडच्या टोकापेक्षा कितीतरी तापलेली असते. पेलेट ग्रिलचा मूळ प्रोब सहसा आतल्या भिंतीवर पक्का बसवलेला असतो, तर मांस मधोमध, भट्टीवरच्या पत्र्याच्या वर. या दोन जागांचे तापमान वेगळे असणारच. आणखी एक गोष्ट नवख्याच्या ध्यानात येत नाही. फ्रिजमधून काढलेला चार किलोचा तुकडा स्वतःभोवतीची हवा थंड ठेवतो. प्रोब त्याला चिकटून असेल तर पहिले एक-दोन तास तो कमी दाखवतो आणि कंट्रोलर उगाच आग भडकवतो. सुट्या प्रोबचे टोक मांस असेल त्याच पातळीवर, मांसापासून चार-पाच सेंटिमीटर दूर, जाळीच्या धातूला न टेकवता चिमट्याने धरून ठेवावे, आणि ते थेट ज्वाळेवर येऊ देऊ नये.

वेळेचेही तसेच. पेटवल्यावर धातू, जाळी आणि पाण्याचे भांडे तापायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. त्याआधीच्या आकड्यांवरून कसलाच निष्कर्ष काढू नये. स्थिरावल्यावरही तापमान पाच-दहा अंश वर-खाली होत राहते, विशेषतः जुन्या पद्धतीच्या पेलेट कंट्रोलरवर, जो ठरावीक सेकंद गोळ्या सोडतो आणि ठरावीक सेकंद थांबतो. त्यामुळे अर्ध्या तासाची सरासरी पाहावी. याच्या उलट, आकडा अगदी हलत नसेल तर त्यानेही हुरळून जाऊ नये: काही कंट्रोलर खरे तापमान ठरवलेल्या आकड्याच्या जवळ आले की पडद्यावर ठरवलेलाच आकडा दाखवतात. फोनवरचा आकडा गोठला असेल तर वाय-फाय तुटलेले असू शकते. अशा वेळी उपकरणाचा स्वतःचा पडदा पाहावा.

मांसात खोचलेल्या प्रोबबद्दलची सर्वांत मोठी घबराट मात्र प्रोबच्या दोषाने होत नाही. बीफ ब्रिस्केट किंवा डुकराच्या खांद्यासारखा मोठा तुकडा ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान कधी कधी चार-पाच तास जागच्या जागी अडकतो. पृष्ठभागावर झिरपणाऱ्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता खेचून घेते, आणि आगीने दिलेली उष्णता व वाफेने नेलेली उष्णता सारखी होते. पृष्ठभाग सुकला की आकडा पुन्हा चढू लागतो. या टप्प्यात नवखे लोक प्रोब बदलतात, आग वाढवतात, झाकण सारखे उघडतात. यातले काहीच करू नये; घाई असेल तर तुकडा फॉइलमध्ये किंवा जाड कागदात गुंडाळावा, म्हणजे बाष्पीभवन थांबते. बोकडाच्या फऱ्यात हा टप्पा सहसा लवकर सरतो, कारण तुकडा लहान असतो. तिथे हाडाकडे अधिक लक्ष द्यावे: प्रोबचे टोक हाडाला किंवा चरबीच्या थराला लागले की मांसाचे खरे तापमान कळत नाही. ते जाड भागाच्या मधोमध, मांसातच असावे.

जागा आणि वेळ तपासूनही शंका उरली तर प्रोबची परीक्षा घ्यावी. उंच पेला कुटलेल्या बर्फाने काठोकाठ भरावा, मग फटी भरतील एवढेच पाणी ओतून ढवळावे. पाण्यात चार खडे तरंगत असतील तर ते मिश्रण शून्यावर नसते. टोक पेल्याच्या काचेला न लावता मधोमध धरावे. दोन मिनिटांनी आकडा ० सेल्सिअस, म्हणजे ३२ फॅरनहाइट, यायला हवा. दुसरी परीक्षा खळखळ उकळत्या पाण्याची, आणि स्मोकरसाठी हीच जास्त महत्त्वाची, कारण ती कामाच्या तापमानाच्या जवळची आहे. मात्र उत्कलनबिंदू उंचीनुसार उतरतो, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश. ह्यूस्टन किंवा न्यू जर्सीत पाणी १०० ला उकळते, पुण्यात ९८ च्या आसपास, तर १६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरला ९५ च्या सुमारास. डेन्व्हरच्या कुटुंबाने तिथे १०० यावेत म्हणून कंट्रोलर ‘सुधारला’ तर पुढचा प्रत्येक आकडा पाच अंशांनी खोटा ठरेल. भिंतीवर पक्का बसवलेला प्रोब पाण्यात बुडवता येत नाही. त्याच्या अगदी शेजारी तपासलेला दुसरा प्रोब बांधून तासभर दोघांची तुलना करावी.

दोन्ही परीक्षांत आकडा एक-दोन अंशांतच चुकला तर चिंता नको. चूक मोठी असेल, किंवा एका टोकाला थोडी आणि दुसऱ्याला बरीच असेल, तर कारण शोधावे. पहिले कारण काजळी. धुरातले डांबर आणि उडालेली चरबी प्रोबवर साचून कठीण कवच होते. प्रोब उशिरा तापतो, कमी दाखवतो आणि कंट्रोलर आग वाढवत राहतो. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने आणि मऊ घासणीने तो काही वापरांनंतर पुसावा. मात्र केबल कधीही बुडवू नये आणि डिशवॉशरमध्ये प्रोब घालू नये. धातूची नळी आणि जाळीदार वेष्टनाची केबल जिथे जोडलेली असते तिथून पाणी आत शिरते, आणि हेच प्रोब बिघडण्याचे दुसरे, फार मोठे कारण आहे.

आत शिरलेले पाणी काय करते ते प्रोबच्या जातीवर ठरते. सुट्या प्रोबमध्ये बहुधा थर्मिस्टर असतो, ज्याचा विद्युतरोध तापमान वाढले की घटतो. पेलेट ग्रिलच्या भिंतीवरचा प्रोब बहुधा प्लॅटिनमचा असतो आणि त्याचा रोध तापमानासोबत वाढतो. ओलाव्यामुळे दोन तारांमध्ये चोरवाट तयार होऊन एकूण रोध घटतो, म्हणून ओला थर्मिस्टर वाजवीपेक्षा जास्त तापमान दाखवतो आणि ओला प्लॅटिनम प्रोब कमी. गंजलेला जॅक किंवा सैल जोड रोध वाढवतो, त्यामुळे तिथे नेमके उलटे घडते. चूक कोणत्या दिशेची आहे हे आधी लिहून ठेवले की निम्मा शोध तिथेच संपतो. ओल्या प्रोबचा प्लग बाहेर लोंबता ठेवून धातूचा भाग १५० सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये तासभर सुकवला तर तो पुष्कळदा पूर्ववत होतो. जॅकसाठी प्लग दहा-बारा वेळा काढून घालावा. घासला जाऊन गंजाचा पापुद्रा सुटतो.

घरात मल्टिमीटर असेल तर निदान आणखी पक्के होते. प्रोब सुटा करून रोध मोजावा: १००० ओहमच्या जातीचा प्लॅटिनम प्रोब बर्फात १०००, पंचवीस अंशांच्या खोलीत १०९७ आणि उकळत्या पाण्यात १३८५ ओहमच्या आसपास दाखवतो. एक लाख ओहमचा थर्मिस्टर पंचवीस अंशांना एक लाख दाखवतो आणि शंभर अंशांना सातेक हजारांवर उतरतो. मोजताना केबल नळीच्या तोंडाशी हलवून पाहावी. आकडा उड्या मारू लागला तर आतली तार तुटलेली आहे. झाकणाखाली चेपून किंवा ज्वाळेत वेष्टन जळून असे होते, आणि त्यावर दुरुस्ती नसते. प्रोबचे रोध बरोबर येऊनही पडदा चुकत असेल तर दोष कंट्रोलरमध्ये किंवा त्यात निवडलेल्या प्रोबच्या जातीत असतो. दुसऱ्या कंपनीचा स्वस्त प्रोब प्लगमध्ये चपखल बसतो, पण त्याची रोधाची पट्टी वेगळी असू शकते. तो खोलीच्या तापमानाला बरोबर आणि धुरात वीस अंशांनी चूक दाखवेल.

थर्मोकपल या तिसऱ्या जातीचा प्रोब वापरणाऱ्या कंट्रोलरचा एक सापळा भारतातून आलेल्यांना हमखास अडकवतो. के जातीच्या थर्मोकपलमध्ये अमेरिकी रंगपद्धतीनुसार पिवळी तार धन आणि लाल तार ऋण असते. लाल म्हणजे धन हे हाताला बसलेले गणित धरून जोडणी केली की स्मोकर तापतो तसा आकडा खाली जातो. थर्मोकपलची तार वाढवायची असेल तर साध्या तांब्याच्या तारेने वाढवू नये. त्याच जातीची तार वापरावी.

पंखा सुरू होताक्षणी आकडा उडी मारत असेल तर प्रोबची केबल आणि पंख्याची तार वेगवेगळ्या वाटेने न्याव्यात आणि वीजपुरवठा तपासावा. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची असते; भारतातून आणलेला अडॅप्टर २३० पुरताच असेल तर तो तिथे पुरेसा दाब देत नाही. लांब आणि बारीक एक्स्टेन्शन केबलही पेलेट पेटवणाऱ्या कांडीचा भार नीट झेलत नाही. वारा आणि थंडी आकडे खरोखरच खाली आणतात, म्हणून वाऱ्याकडे आडोसा करावा. मात्र पावसाला किंवा हिमाला कंटाळून स्मोकर गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनही, नेऊ नये: धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो घरात शिरतो. लाकडी बाल्कनीत कोळसा पेटवायला अनेक ठिकाणी मनाई आहे. भाडेकरारात आधी पाहावे.

कंट्रोलरमधली अंश वाढवण्या-घटवण्याची सोय सर्वांत शेवटी वापरावी. ती ओला प्रोब किंवा गंजलेला जॅक दुरुस्त करत नाही, फक्त झाकते. दोन्ही परीक्षांत चूक सारखीच आली तरच तेवढी दुरुस्ती घालावी.

मंडळाच्या सहलीसाठी आदल्या रात्री स्मोकर लावणाऱ्यांनी कंट्रोलरपासून स्वतंत्र असा दुसरा थर्मामीटर त्याच जाळीवर ठेवून त्याची घंटा लावावी. मध्यरात्री प्रोब दगा देऊ लागला तर कंट्रोलर हाताने चालवायच्या पद्धतीवर घ्यावा, किंवा मांस फॉइलमध्ये गुंडाळून घरच्या ओव्हनमध्ये १२० सेल्सिअसला पुरे करावे. तोवर धुराचा स्वाद बहुतेक उतरलेला असतो. पडद्यावर काहीही असो, ताटात वाढण्याआधी तपासलेल्या हातथर्मामीटरने जाड भागाचे तापमान पाहावे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानुसार कोंबडी ७४ सेल्सिअस, खिमा ७१, आणि मटण, बीफ वा डुकराच्या अख्ख्या तुकड्याला ६३ अंश व त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती लागते. नवा प्रोब आणल्या दिवशीच त्याचे बर्फातले आणि उकळीतले आकडे चिकटपट्टीवर लिहून ती प्लगजवळ लावावी, आणि पावती वॉरंटीसाठी जपावी.