दादरची ट्राम

मुंबईत दादर रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस थोड्या अंतरावर एक मोठा चौक आहे. त्याचे नाव खोदादाद सर्कल. परंतु लोक त्या परिसराला ‘दादर टी. टी.’ याच नावाने ओळखतात. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, अर्थात ट्रामचे अखेरचे स्थानक. आज तेथे ट्राम येत नाही. मग हे नाव कोठून आले व ते का टिकले?

ट्राम म्हणजे रस्त्यातच बसविलेल्या रुळांवरून धावणारी गाडी. मुंबईत ती प्रथम ९ मे १८७४ रोजी धावली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी असे दोनच मार्ग त्या वेळी होते. भाडे तीन आणे पडे. ट्राम ओढावयास घोडे असत. कंपनीने सुमारे ९०० घोडे बाळगले होते. रूळ गुळगुळीत असल्याने भरलेली गाडीही त्यांना ओढता येई. तथापि उन्हात ती मुकी जनावरे थकून जात. घोड्याच्या बळाला मर्यादा होती, म्हणून ट्रामच्या पल्ल्यालाही मर्यादा होती.

७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि घोड्यांची सुटका झाली. या गाडीच्या टपावर एक लांब दांडा असे. तो रस्त्यावरील तारेला टेकलेला असे. तारेतील वीज दांड्यावाटे मोटारीत उतरे, चाके फिरवी व रुळांवाटे परत जाई. पुढे १९२० साली दुमजली ट्रामही आल्या.

याच सुमारास शहराचे रूप पालटत होते. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. कोंदट, दाटीच्या वस्त्यांत माणसे पटापट मरू लागली. तेव्हा शहर सुधारण्यासाठी १८९८ साली एक सरकारी मंडळ नेमण्यात आले. त्याने दादर-माटुंगा भागात रुंद रस्ते व मोकळी हवा असलेल्या वस्त्या आखल्या. पण इतक्या दूर राहणाऱ्या कारकुनाने रोज कचेरी गाठावी कशी? आगगाडीप्रमाणे ट्रामनेही हा प्रश्न सोडविला. ट्रामचा मार्ग वाढत वाढत दादरला पोहोचला. धनिकाजवळ घोडागाडी वा मोटार होती. सामान्य माणसाची गाडी मात्र ट्रामच होती.

काळ पुढे सरकला. १९२६ साली बसगाड्या सुरू झाल्या. रस्त्यांवर मोटारींची गर्दी झाली. बस वाट बदलू शके. ट्राम रूळ सोडू शकत नसे. जे रूळ एके काळी तिचे बळ होते, तेच तिचे बंधन ठरले. एकेक मार्ग बंद होत गेला. अखेर ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. तिला निरोप देण्यासाठी माणसांनी ती खच्चून भरली होती.

ट्राम हटविली म्हणून रस्ते कायमचे मोकळे झाले काय? तसे झाले नाही. मोटारी वाढतच गेल्या. पॅरिस शहरानेही आपल्या ट्राम बंद केल्या होत्या; परंतु १९९२ साली तेथील उपनगरांत ती पुन्हा धावू लागली. एकाच गाडीतून पुष्कळ माणसे नेणारे वाहन रस्त्याची अडचण नसते, हे तेथील लोकांनी ओळखले. रस्ता केवळ वाहनांसाठी नसून माणसांसाठी असतो, हा धडा दादर टी. टी. हे नाव आपणांस आजही देत आहे.

शब्दार्थ

पल्ला – अंतर, मजल.
कचेरी – कार्यालय.
कोंदट – हवा न खेळणारे.
टप – गाडीचे छप्पर.

स्वाध्याय

१. घोड्यांच्या ट्रामला कोणती मर्यादा होती?
२. विजेची ट्राम कशी चाले, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. ‘जे रूळ एके काळी तिचे बळ होते, तेच तिचे बंधन ठरले.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील एखाद्या जागेस जुन्या गोष्टीवरून नाव पडले आहे काय? वडीलधाऱ्यांना विचारून त्याची हकीकत लिहा.